पाच टक्के म्हणजे किती?

(खमरिया येथील मराठी वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या पुस्तकाच्या भाषांतराच्या निमित्ताने आपण आज मला येथे बोलावले, त्याच्या पहिल्याच प्रकरणाने माझे पंधरा दिवस घेतले. कारण क्षुल्लक वाटेल असे होते. मूळ लेखकाला ‘डेट’ हा एकच इंग्रजी शब्द सर्वत्र पुरतो. मराठीत मात्र ऋण, कर्ज, देणे, उधारी, उसनवारी असे शब्द आहेत आणि त्यांपैकी एकही दुसऱ्याच्या जागी नीट बसत नाही. ऋण आईवडिलांचे आणि गुरूचे असते. ते फिटत नाही आणि फिटू नये अशीच आपली भावना असते. उसने म्हणजे वाटीभर साखर, किंवा महिनाअखेरीस शेजाऱ्याकडून घेतलेले शंभर रुपये. उधारी वाण्याच्या वहीत राहते. कर्जाला मात्र कागद असतो, जामीन असतो, आणि व्याज असते.

भाषेचा हा श्रीमंतपणा आपल्याला महागात पडतो असे मला हळूहळू वाटू लागले. माणूस आपली देणी फेडतो ती या शब्दांच्या मानाने. शेजाऱ्याचे उसने पैसे तो आधी परत करतो, कारण रोज जिन्यात गाठ पडते. वाण्याची उधारी दुसऱ्या क्रमांकावर, कारण पुढच्या महिन्याचे धान्य त्याच्याकडूनच यायचे असते. सावकाराला तो फक्त व्याज देतो आणि सावकारही तेवढ्यावर खूश असतो. ज्या देण्याची लाज अधिक ते आधी फिटते. ज्याचे व्याज अधिक ते मागे राहते. बेताच्या पगारात कर्ज वर्षानुवर्षे न फिटण्याचे एक मोठे कारण, माझ्या मते, या उलट्या क्रमात आहे. उधळेपणावर आपण जितके बोट ठेवतो तितका तो दोषी नसतो.

आणखी एक शब्द असा आहे की जो आपण बोलतच नाही. रांझीच्या बाजारात उभे राहून विचारले की अमुक माणूस पैसे कशाने देतो, तर उत्तर येते, ‘पाच टक्क्यांनी’. बँक काय व्याज घेते असे विचारले तर उत्तर येते, ‘बारा टक्के’. ऐकणाऱ्याच्या मनात पाच हा आकडा बारापेक्षा लहान राहतो. पहिल्या वाक्यातला ‘दरमहा’ हा शब्द गळून पडला आहे, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. तरीही तो कोणी उच्चारत नाही. तो उच्चारला की पाचाचे साठ होतात. जुन्या काळी रुपयाला महिना एक आणा हा दर असाच सौम्य वाटे. एक आणा ही काय रक्कम! तथापि सोळा आण्यांच्या रुपयावर वर्षाचे बारा आणे, म्हणजे शेकडा पंचाहत्तर.

आता थोडा हिशेब करू. तो कंटाळवाणा आहे हे मला मान्य आहे, पण त्यावाचून पुढचे सारे बोलणे पोकळ होईल. समजा एकाने चाळीस हजार रुपये दरमहा पाच टक्क्यांनी घेतले. महिन्याचे व्याज दोन हजार. तो नेमाने दोन हजार देत राहिला तर हे कर्ज कधी फिटेल? कधीच नाही. वीस महिन्यांत त्याने चाळीस हजार दिलेले असतील आणि मुद्दल चाळीस हजारच असेल. आता त्याने पोटाला चिमटा घेऊन आणखी पाचशे रुपये काढले आणि अडीच हजार देऊ लागला, तर कर्ज तेहेतीस महिन्यांत फिटते आणि एकूण सुमारे साडेब्याऐंशी हजार रुपये जातात. साडेचार हजार देता आले तर बारा महिन्यांत काम भागते आणि एकूण चोपन्न हजारांच्या थोडे वर जातात. आणि त्याने हेच चाळीस हजार एखाद्या पतसंस्थेकडून वर्षाला दहा टक्क्यांनी उचलून सावकाराचे तोंड बंद केले, तर त्याच अडीच हजारांच्या हप्त्याने अठरा महिन्यांच्या आत तो मोकळा होतो आणि एकूण सुमारे त्रेचाळीस हजार देतो. माणूस तोच, पगार तोच, हप्ताही तोच. फरक सुमारे चाळीस हजारांचा. चहा सोडल्याने किंवा सणाला नवे कापड न घेतल्याने एवढी बचत व्हायला किती वर्षे लागतील ते आपणच मोजून पाहावे.

मूळ पुस्तकात अशी उदाहरणे पुष्कळ आहेत, पण ती दूरच्या देशातील आहेत. मला वाटले, ज्या गावात मी वाढले तेथील काही सांगावे. जबलपूरला तोफगाड्यांचा कारखाना १९०४ साली निघाला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. बाहेरच्यांना वाटते की सरकारी कारखान्यातील कामगाराला कर्जाची काय भीती, महिन्याचा पगार तर ठरलेला. खरी गोष्ट उलटी आहे. पगार ठरलेला आहे म्हणूनच त्याला कर्ज सहज मिळते. शेतकऱ्याला पैसे देताना सावकार पावसाकडे पाहतो. कामगाराला देताना त्याला फक्त पगाराची तारीख पाहावी लागते. त्यात ओव्हरटाइमची भर. ओव्हरटाइम चालू असताना घरात जो पैसा येतो तोच आपला पगार असे घर धरून चालते, त्याच हिशेबाने लग्न ठरते, त्याच हिशेबाने हप्ता ठरतो. मग काम कमी होते, ओव्हरटाइम थांबतो, आणि हप्ता मात्र थांबत नाही.

हे दुखणे नवे नाही. १९२९ साली सरकारने हिंदुस्थानातील मजुरांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग नेमला. आपले ना. म. जोशी त्याचे सभासद होते. आयोगाचा अहवाल १९३१ साली आला. बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोनतृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत, आणि पुष्कळांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे, असे त्यात नमूद आहे. रुपयाला महिना एक आणा हा दर सर्रास असल्याचेही आयोगाने लिहिले. मला यात महत्त्वाची वाटते ती त्यांची सूचना. कामगाराला काटकसरीचा उपदेश करून ते थांबले नाहीत. त्यांनी म्हटले की न्यायालयाने कर्जदाराचे पुढील दोन वर्षांचे संभाव्य उत्पन्न काढावे, त्यातून त्याच्या आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या वाजवी खर्चाची वजावट करावी, आणि जे उरेल त्याच्या मानाने हुकूम करावा. म्हणजे आधी पोट, मग देणे. आजच्या कोणत्याही शहाण्या सल्लागाराने याहून निराळे काय सांगावे?

या सूचनेला मूर्त रूप देणाऱ्यांत आपला प्रांत पुढे होता, ही गोष्ट जबलपूरकरांनाही फारशी ठाऊक नसते. त्या वेळी जबलपूर मध्य प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. १९३३ साली या प्रांताने कर्जसमेटाची मंडळे स्थापण्याचा कायदा केला. तो मुख्यतः शेतकऱ्यांसाठी होता. १९३४ साली सावकारीचा कायदा आला आणि कर्जदाराला लेखी हिशेब व पावती मिळण्याचा हक्क लाभला. १९३६ साली औद्योगिक कामगारांच्या कर्जाची तडजोड व फेड करण्याचा स्वतंत्र कायदा झाला. महिना पन्नास रुपयांपर्यंत मिळवणारा, कर्जात बुडालेला कामगार त्याखाली न्यायालयाकडे जाऊ शकत असे. १९३७ साली कर्जदाराच्या दारात ठाण मांडून त्याला छळणे हा गुन्हा ठरवण्यात आला. बंगालात याच हेतूने १९३४ साली कायदा झालाच होता. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी वसुलीसाठी घुटमळणे हा तेथे अपराध झाला होता. पगाराच्या दिवशीचे फाटक ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कलमाचे मोल सांगायला नको.

सावकारीच्या कायद्याने आपला जुना दामदुपटीचा नियमही लिखित केला. थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करता येणार नाही, हा तो नियम. ऐकायला फार दिलासा देणारा. पण त्यातली एक मेख लक्षात घ्यावी. नियम थकलेल्या व्याजाचा आहे. जो बिचारा दरमहा इमाने व्याज भरतो, त्याचे व्याज थकतच नाही; म्हणून मुद्दलाच्या दुप्पट-तिप्पट देऊनही दामदुपटीचा त्याला उपयोग होत नाही. जितका प्रामाणिक, तितका अधिक लुटला जाणारा. अशा माणसाला मी फार जवळून ओळखत होते, कारण ते माझे वडील होते.

ही हकीकत सांगायला आईची परवानगी घेतली आहे.

१९९१ च्या मे महिन्यात माझ्या आत्याचे लग्न झाले. बाबांनी त्यासाठी एका खासगी सावकाराकडून बारा हजार रुपये काढले, पाच टक्क्यांनी. महिन्याचे सहाशे रुपये व्याज ते ओव्हरटाइममधून देत. घरात याचा उच्चार नव्हता. आईला एवढेच ठाऊक की काही देणे आहे. शिवाय पतसंस्थेचे दहा हजारांचे कर्ज होते, त्याचे ३८० रुपये पगारातून कापले जात. आणि त्या कर्जाला आमच्याच ओळीतले, बाबांच्याच विभागातले एक काका जामीन होते. १९९३ च्या उन्हाळ्यात बाबांना कावीळ झाली. रजा संपली, तीन महिने बिनपगारी गेले. त्या तीन महिन्यांत जे थोडे पैसे इकडून तिकडून आले त्यांतून बाबांनी सावकाराचे व्याज चुकवले नाही. पतसंस्थेचा हप्ता मात्र, कापायला पगारच नसल्यामुळे, जामीनदाराच्या पगारातून गेला. तीन वेळा ३८०, एकूण ११४० रुपये.

एका दुपारी त्या काकू आमच्याकडे आल्या. मी आठवीत होते. त्यांनी चहा घेतला, बाबांच्या पथ्याची चौकशी केली, माझ्या शाळेविषयी विचारले आणि उठून गेल्या. पैशांचा विषयही काढला नाही. जाताना मात्र काकांची पगाराची चिठ्ठी टेबलावर राहिली होती. ती विसरून राहिली की ठेवली, हे आम्ही पुढे कधी विचारले नाही.

त्या रात्री आईने कालनिर्णयाचे उलटून गेलेले एक पान काढले आणि त्याच्या कोऱ्या कडेवर बाबांना एकेक देणे सांगायला लावले. मी शेजारी बसून लिहीत होते, कारण माझे अक्षर बरे होते. सावकार बारा हजार. पतसंस्था. काका ११४०. वाणी. एका मित्राचे दोनशे. आईने प्रत्येकापुढे महिन्याचे व्याज लिहायला सांगितले. सावकारापुढे सहाशे आले, पतसंस्थेपुढे शंभराच्या आत, आणि बाकी तिघांपुढे शून्य. मग तिने विचारले, लग्नाला किती महिने झाले? सत्तावीस. सत्तावीस सक्कं सोळा हजार दोनशे. बारा हजारांवर सोळा हजार दोनशे देऊन झाले होते आणि बारा हजार तसेच उभे होते. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आधी काकांचे देऊ.’’

आई म्हणाली, ‘‘नाही. आधी सावकार.’’

बाबांना ते पटेना. आमच्यामुळे ज्याचा पगार कापला गेला त्याला थांबवायचे आणि ज्याने आम्हाला पिळले त्याला आधी द्यायचे, हा कोणता न्याय? न्याय नाहीच, आई म्हणाली, पण काकांचे पैसे महिन्याला वाढत नाहीत. आज आपल्याकडे आलेला रुपया काकांना दिला तर काका एका रुपयाने मोकळे होतात आणि आपण मात्र वर्षभर साठ पैसे अधिक देत बसतो; मग त्यांचे उरलेले कुठून देणार? ती फार शिकलेली नव्हती. पण दुसऱ्या दिवशी तिने जे केले ते मला आजही सर्वांत अवघड वाटते. ती काकूंकडे गेली, ते कालनिर्णयाचे पान बरोबर नेले, सगळी देणी त्यांच्यापुढे मांडली आणि म्हणाली, ‘‘तुमचे पैसे शेवटी येतील. वर्ष लागेल. पण कशाच्या नंतर येतील ते यात लिहिले आहे.’’ काकूंनी पान वाचले. त्यांच्याही घरी मुलाच्या फीची ओढाताण चालू होती. त्या ‘बरं’ एवढेच म्हणाल्या, पण पुढे महिन्या-दोन महिन्यांनी विचारीत, ‘‘सावकार कुठवर आला?’’

आईची एक पाटली विकली, तिचे साडेसहा हजार आले. गहाण ठेवावी असे बाबांचे म्हणणे होते. आईने विकलीच; पेटीतले सोने काही मिळवत नव्हते आणि त्याच वेळी आम्ही शेकडा साठने व्याज भरत होतो. मुद्दल साडेपाच हजारांवर आले, व्याज सहाशेवरून २७५ वर. पण आईने सावकाराला द्यायची रक्कम सहाशेच ठेवली. दसऱ्यापूर्वी बोनसचे बावीसशे आले, तेही तिकडेच गेले. त्या दिवाळीत घरी नवे कापड आले नाही, हे मी नाकारत नाही. पण कर्ज त्याने फिटले असे कोणी म्हणू नये. १९९४ च्या गुढीपाडव्याच्या आत बारा हजारांचा विषय संपला. शेवटी सावकार म्हणाला, कागद सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या. बाबांनी शेवटचे पैसे खिशातून काढलेच नाहीत. आठवड्याने कागद सापडला.

या शेवटच्या गोष्टीवर थोडे थांबावे असे वाटते, कारण आज कागदाची जागा आणखी धोक्याच्या वस्तूंनी घेतली आहे. सह्या केलेले कोरे धनादेश, बँकेचे पासबुक, एटीएमचे कार्ड आणि त्याचा गुप्त आकडासुद्धा सावकाराकडे ठेवल्याची उदाहरणे मी येथेच ऐकली आहेत. कार्ड देणे म्हणजे पगाराचे पाकीट न उघडता दुसऱ्याच्या हाती देणे. कोऱ्या धनादेशाचे तर १९८९ पासून फौजदारी हत्यार होऊ शकते. ज्यांनी असे काही दिले असेल त्यांनी दिलेल्या प्रत्येक हप्त्याचा पुरावा ठेवावा, शक्यतो बँकेतून पैसे द्यावेत, आणि शेवटच्या हप्त्याच्या आधी वस्तू परत मागाव्यात. न्यायालयाचा हुकूम झाला तरी सगळा पगार जप्त होतो ही भीतीही निराधार आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमानुसार पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोनतृतीयांश भाग अशा जप्तीपासून सुरक्षित आहे. पोटगीच्या हुकुमाची गोष्ट वेगळी. आणि एकाच हुकुमाखाली चोवीस महिने जप्ती झाली की त्या हुकुमापुरता पगार मोकळा होतो.

मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाविषयी तरुण मुले विचारतात. तेथेही तोच गळालेला शब्द शोधावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्याने सर्व आकार धरून वर्षाचा दर लेखी सांगितला पाहिजे. तो सांगत नसेल तर पुढे जाऊ नये. वसुलीचे दूरध्वनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करू नयेत, असेही २०२२ साली बँकेने बजावले आहे. १९३७ च्या कायद्यातले दारातले ठाण आता खिशात आले आहे, इतकेच.

जे १ जानेवारी २००४ पूर्वी नोकरीत आले त्यांचा भविष्य निर्वाह निधी आहे. नियमात बसत असेल तर त्यातून रक्कम काढून साठ टक्क्यांचे कर्ज मिटवण्यात काहीही गैर नाही, जरी म्हातारपणाच्या पैशाला हात लावण्याचा आपल्याला धसका असतो. नंतर आलेल्यांना ती सोय नाही. त्यांना पतसंस्था, बँक, नाहीतर घरातले सोने. पतसंस्थेचे पैसे मात्र हाती येताच सावकाराकडे जावेत, त्याच दिवशी. मध्ये चार दिवस गेले की त्या पैशांना दुसरे काम सापडते, आणि मग एकाच्या जागी दोन कर्जे उभी राहतात. हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे, आमच्या नात्यातही.

ते कालनिर्णयाचे पान माझ्याकडे आहे. भाषांतर करताना ते मी टेबलावर ठेवले होते. सगळ्यांत खाली माझ्या आठवीतल्या अक्षरात ‘काका ११४०’ असे आहे, आणि त्यापुढे बाबांच्या अक्षरात दोन नोंदी: मे १९९४, सहाशे, जून १९९४, पाचशे चाळीस. काकांनी वरचे काही घेतले नाही. जूनमधले पैसे द्यायला बाबा गेले तेव्हा काकू म्हणाल्या, चहा घेऊन जा. त्या दिवशी बाबा तेथे दोन तास बसले.